पळणीतलं घर

१९ मार्च २००६

कर्ण जुळत नाहीत! काल संध्याकाळी घराची आखणी केली, खुंट्या मारल्या, सुतळी बांधली. दोन्ही कर्ण सारखे होते, दोनदा मोजले. आज सकाळी एक चार बोटं जास्त. खुंट्या जागेवर, सुतळी ताठ. गुरं शिरली म्हणावं तर मातीत एक खूर नाही.

पुन्हा आखलं. कोणाला बोललो नाही. आधीच ती जागा कडक म्हणतात, तिथे काहीतरी आहे म्हणून. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे, गावाची शीव संपते तिथला पडीक कोपरा. कोंबडीसुद्धा चरायला जात नाही. म्हणूनच तर बचत गटाच्या बायकांच्या घराला मिळाली. चांगली जागा कोण देतंय!

२ एप्रिल

वहिनीने बचत गटाच्या सगळ्या बायकांना आमच्या घरापुढच्या खळ्यात बसवलं आणि मला म्हणाली, "आता इचार तेंका, काय काय होया तां."

मला घाम फुटला. नववीत शाळा सुटली, मग कुडाळला एका इंजिनियरकडे चार वर्षं नकाशे गिरवले. पण 'तुम्हाला काय हवं' असं कोणा बाईला विचारायची वेळ कधी आली नव्हती. त्याही एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मग मथुराकाकी म्हणाली, "पयलो संडास काढ रे. मगे बाकीचो राजवाडो." हशा झाला, आणि मग एकेकीचं तोंड सुटलं. काजूगर सोलायला उजेड हवा. मासळी सुकवायला उंच माळा हवा, कुत्री पोचणार नाहीत असा. एक म्हणाली, "दुपारची पाय पसरूक जागा होयी. जंय कोण चाय मागूक येवचो नाय."

सगळं लिहून घेतलं. शेवटी वहिनीने आणखी एक खोली सांगितली. मी विचारलं, कशासाठी?

"असांदे. कोणा बाईक घरातसून भायर पडाचा लागला, तर चार दिस रवाक."

यावर कोणी हसलं नाही. सगळ्या जमिनीकडे बघत राहिल्या.

मंगेशदादा गोव्याला बोटीवर, वर्षातून दोनदा येतो. वहिनी कट्टा गावच्या बाजारात मासळी घेऊन बसते. सगळ्या गावांच्या बायका तिथे भेटतात, आपापलं बोलतात. त्यातूनच हे घर तिच्या डोक्यात आलं. ती खोली नकाशात घातली. आतल्या बाजूला, थंड राहील अशी.

७ मे

चौकटीपर्यंत जांभा चिरा आला. सिमेंट शक्य तेवढं टाळायचं असं मी ठरवलंय. चिरा आपल्याच सड्यावरचा, जोडाई मातीची, वासे वादळात पडलेल्या फणसाचे. पश्चिमेची पडवी खाली उतरती, म्हणजे पाऊस भिंतीला लागणार नाही. छपराचं पाणी टाकीत. बिघडलं तर गावातल्याच बाईला दुरुस्त करता यावं असं घर हवं. वहिनीला हे फार आवडलं.

बाबलीकाका बघायला आले. ते मानकरी, देवळात कौल तेच लावतात. चार माणसांसमोर म्हणाले, "बायकांक येगळा घर! आणि आमी रवाचा खंय? गोठ्यात?"

वहिनीने पदर खोचला. "पयला गुरांका इचारा काका. तेंका चलतला काय तां."

माणसं खो खो हसली. काकाही हसले. पण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "झिला, थंय कोणतरी बसता. आमी बघूक नाय. पण बसता."

८ मे

कर्ण पुन्हा मोजले. जुळले. तरी समाधान नाही.

२२ ऑक्टोबर

पावसाचे चार महिने काम बंद होतं. भिंतींवर झावळ्या घालून ठेवल्या होत्या. आज काढल्या. भिंती धड आहेत, एकही चिरा हललेला नाही.

आतल्या खोलीत मात्र एक जागा कोरडी होती. माणूस मांडी घालून बसेल एवढी. सगळीकडे शेवाळ, तिथे नाही. तिथल्यावरची काढलेली झावळी बघितली, इतरांसारखीच. मथुराकाकीला दाखवलं तर तिने हात जोडले आणि बाहेर गेली. म्हणाली, "पाय देव नुको हां थंय."

मी पाय दिला नाही. पण काम करायला तर जावंच लागणार!

१४ नोव्हेंबर

छपरावर नळे, म्हणजे गोल कौलं, चढले. खिडक्यांना गज बसले. पुढचं दार लावलं. मागच्या दाराची चौकट सुताराकडून अजून आली नाही, तोवर तिथे चिरे रचून बंद केलं.

आज चुन्याचा कोबा घातला. चुना, वाळू, विटांचा चुरा. गटातल्या सगळ्या बायका ओळीने उकिडव्या बसून चोपण्यांनी चोपत होत्या. धप धप धप, सगळ्यांचे हात एका तालात. मी मधे ओळंबा-पातळी बघत होतो. "नितेश, कंबर मोडली रे, तुझ्या बायलेन कदी असा चोपल्यान नसता!" "तेका बायल दिता कोण?" असं चाललं होतं.

मग मी हात वर केला. सगळ्या थांबल्या. आणि त्यानंतर आतल्या खोलीतून एक ठोका आला. एकच. धप्.

आत कोणी नव्हतं.

"भिंतीतसून परततलो आवाज," मी म्हटलं. बायकांनी मान हलवली. चोपण्या उचलल्या आणि लवकर घरी गेल्या.

कोबा किमान दोन आठवडे ओला ठेवायचा. सकाळ-दुपार पाणी. एक दिवस सुकला तर तडे. तडे गेले तर सगळं उकरायचं. बायकांचे हात आताच सोलले आहेत, पुन्हा बसणार नाहीत.

१९ नोव्हेंबर

देवाने कौल दिला. पळण येत्या गुरुवारपासून!

यंदा पळण आहे हे माहीत होतंच. पण सगळे म्हणत होते पौषात होईल. तीन दिवस तीन रात्री, आणि पुढे देवाचा उजवा कौल मिळेपर्यंत, गावात कोणी राहायचं नाही. म्हातारी, पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं शिवेबाहेर. व्हाळाच्या पलीकडे झोपड्या घालायच्या. गाव मोकळा ठेवायचा, ज्यांचा आहे त्यांना.

आणि माझा कोबा? पाच दिवसांचा कोवळा!

बाबलीकाकांकडे गेलो. म्हटलं, फक्त दुपारी जाऊन पाणी मारून येतो. ते रागावले नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाले, "ज्येच्यापायी पळण मोडतली, त्या घरात परत दिवो लागूचो नाय. तुझ्या वयनीक सांग तां."

वहिनीला सांगितलं. ती बांगडे कापत होती. "जावचा नाय, नितेश. गेलस आणि कोणी बघल्यान, तर घर गेला आमचा. तडे गेले तर परत चोपू."

ती म्हणते परत चोपू. पण तळहातावर फडकं बांधलं होतं.

२३ नोव्हेंबर

नगारा वाजला आणि गाव निघाला. आई बैलगाडीत, कोंबड्या खुराड्यात, वहिनीच्या डोक्यावर टोप. निघण्यापूर्वी कोब्यावर भरपूर पाणी घातलं, ओली गोणपाटं अंथरली. दाराला कडी लावली. कुलूप लावलं नाही, चोरायला आहे काय!

व्हाळ ओलांडून सगळे झोपड्या घालत बसले. पोरांना जत्रेसारखं वाटतं. पलीकडे बायकांच्या घराचं छप्पर दिसतं.

मथुराकाकी पोरांना सांगत होती, "पळणीत गावातसून कोणी हाक मारल्यान तर ओ देवची नाय. आपल्या माणसाचो आवाज काढतत. ओ दिलास की लागले पाठीक."

एक पोरगं म्हणालं, "आणि तुझ्याच आवाजात हाक मारल्यान तर?" काकीने त्याला चापट मारली. सगळे हसले. मी नाही.

सगळ्या गावात एक कुत्रं भुंकत नाही. कधी असं ऐकलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

गेलो! लिहू नये, पण दुसरीकडे कुठे बोलणार?

सकाळपासून ऊन. गोणपाटं सुकली असतील हेच डोक्यात. भर दुपारी सगळे जेवून आडवे झाले. व्हाळ जिथे केवड्यात शिरतो तिथून ओलांडला.

गाव कसा होता ते सांगता येत नाही. दारं बंद, खळी झाडलेली, तुळशीपुढे रांगोळ्या. सगळं जागच्या जागी. आपण हळू चालावं असं वाटत होतं. कशासाठी ते कळत नव्हतं.

विहिरीवर आलो. दोर ओला होता.

काल सगळे निघाल्यापासून कोणी पाणी काढलेलं नाही. या उन्हात दोर तासाभरात सुकतो. हात लावून बघितला. थेंब गळत होते.

तरी दोन बादल्या काढल्या. डोळे मिटून, देवाचं नाव घेत. घराशी आलो. दाराची कडी निघालेली. दार लोटलं, बादल्या आत ठेवल्या. कोब्यावरची गोणपाटं बाजूला घडी करून ठेवली होती आणि कोबा ओला होता. कोणीतरी पाणी मारलेलं. कोपऱ्यांत सुद्धा, मी मारतो तसं.

ओल्यात पावलं होती. बाईची. आतल्या खोलीत गेलेली.

ती बसली होती. त्या कोरड्या जागेवरच! पाठ माझ्याकडे, केस मोकळे, ओले, जमिनीला टेकलेले. हलली नाही. मीही हललो नाही. मग न वळता म्हणाली, "सत्यवती इली काय?"

माझ्या वहिनीचं नाव! मी दारातून मागे सरकलो. ती म्हणाली, "सत्यवतीक हाड. मी तिच्यासाठीच बसलंय."

बाहेर आलो. दार ओढलं. बाहेरून कडी घातली आणि कोयंड्यात काठी सारली. का केलं? माझ्यामागे येऊ नये म्हणून. वहिनीपर्यंत पोचू नये म्हणून. तिला वहिनीच हवी होती.

धावलो. पाठीमागून दार हललं, एकदा. केवड्याने हात फाडले. कोणी बघितलं नाही.

२५ नोव्हेंबर

ताप आहे. वहिनीने कपाळावर पट्टी ठेवली. तिच्याकडे बघवत नाही. तिला सांगितलं तर घाबरेल. नाही सांगितलं तर?

दुपारी पलीकडून हाक आली.

आधी वाटलं माझ्याच कानात. मग बघितलं तर सगळ्यांचे हात थांबलेले. लांबून, बाईचा आवाज. शब्द कळत नव्हते. ओढून मारलेली हाक, मग थोडं थांबून पुन्हा. बायकांच्या घराच्याच दिशेने.

बाबलीकाका उठून उभे राहिले. "कोणी ओ देव नुको!" आयांनी पोरांचे कान झाकले. मथुराकाकीने मोठमोठ्याने आरती सुरू केली, सगळ्या बायका तिच्यात मिसळल्या. एवढ्या आवाजातही मधे मधे ऐकू येत होतं.

वहिनी आरती म्हणत नव्हती. भाकऱ्या थापत होती. हाक आली की तिचा हात थांबायचा, मग पुन्हा चालायचा. वर बघितलं नाही तिने. सगळ्या गावात तीच एक न घाबरलेली! मला धीर आला. हाक तिच्या नावाची आहे हे फक्त मला माहीत होतं.

तिन्हीसांजेला थांबली.

२६ नोव्हेंबर

सकाळी थोडा वेळ हाक आली. आवाज बसलेला. मग काहीतरी फुटल्यासारखं. नंतर काही नाही.

वहिनी व्हाळाच्या कडेला जाऊन उभी राहिली होती. मथुराकाकीने दंडाला धरून मागे आणली. "सत्ये, खुळी की काय तू? ऐकत रवला की ओढता ता."

"घरासाठी जीव तुटता," वहिनी म्हणाली.

माझाही!

२७ नोव्हेंबर

कौल झाला. उजवा. गाव परतला.

मी सगळ्यांच्या आधी धावलो. कडी तशीच, काठी तशीच. दार उघडलं. आत कोणी नाही. गज धड, मागचे चिरे धड. गवंड्यांची परांची अजून आत उभी होती, तिच्यावरच्या छपरातले पश्चिमेचे पाच-सहा नळे निसटलेले. माकडांनी पाडले असणार.

दोन्ही बादल्या रिकाम्या होत्या. आणि कोबा — एक तडा नाही! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अजून ओलसर. वर गोणपाटं नीट पसरलेली.

तिथेच बसून रडलो.

२८ नोव्हेंबर

सांगितलं. आधी मथुराकाकीला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत देवळात सगळ्यांसमोर उभा होतो. पाणी काढलं ते, ओला दोर, बसलेली बाई, लावलेली कडी. काही लपवलं नाही. वाटलं, आता घर गेलं.

बाबलीकाका पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "कडी भायल्यान, गज शाबूत, आणि आत कोण नाय?"

"नाय."

"आणि कोबो ओलो?"

"होय."

त्यांनी हात जोडले. "मेल्या, तुका काय दिसला तां कळला काय? जागेची मालकीण ती. स्वतः बसली थंय. स्वतः पाणी घातल्यान!"

मग देवाला गाऱ्हाणं घातलं. पळण मोडल्याबद्दल माझ्या नावाचा नारळ. आणि मग म्हणाले, आतापर्यंत बायकांच्या घराला आडवं बोलणं झालं असेल ते पोटात घाल. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. घर वाचलं! आता कोणी बोट लावणार नाही त्याला.

कोणीतरी विचारलं, ती काही बोलली का? मी वहिनीकडे बघितलं आणि सांगितलं. सत्यवती इली काय, असं विचारल्यान. तिच्यासाठी बसलंय म्हणाली.

सगळ्या बायका वहिनीकडे वळल्या. एकीने तर पाय धरले. वहिनी उठली आणि घरी निघून गेली.

रात्री जेवताना तिने एवढंच विचारलं, "उंच होती काय? केस कमरेच्या खाली?"

"होय."

तिने ताट बाजूला सारलं.

१ डिसेंबर

वहिनी कट्ट्याला गेली होती. दुपारच्या बसने यायची ती शेवटच्या बसने आली. टोपलीतले बांगडे तसेच, वास यायला लागलेला. आई ओरडली. वहिनीने टोपली खळ्यात ठेवली आणि मला माडाखाली बोलावलं.

"ती तुळसा, नितेश. बाजारात माझ्या बाजूक भाजी घेवन बसता ती. घोव मारता तिका. मीच सांगलेलं, आमचा घर होयत इला, कदीय ये, रवाक खोली आसा. पळणीची तारीख तिका कोण सांगतला?"

मला काही समजेना. म्हटलं, "कोण तुळसा?"

"तूया कोंडलेलंस ती."

तुळसा बुधवारी आली होती, पण घाबरून व्हाळाजवळच्या काजूत बसून राहिली. गाव निघून गेल्यावर घरात शिरली. पळण आहे हे तिला कळलं, पण परत जायला जागा नव्हती. विहिरीवर केस धुतले. सुकणारा कोबा दिसला, पाणी मारलं. घरी कोबा केलेलं खळं आहे तिचं, म्हणून सवय. मी कडी घातली त्यानंतरही मारलं. प्यायला ठेवून उरलेलं सगळं. म्हणाली, कोणीतरी येऊन उघडेल, तोवर फुकट कशाला जाऊ द्यायचं.

मग परांचीवर चढून नळे काढले आणि उडी मारली. पाय मोडला. रस्त्यापर्यंत बसत बसत गेली. एका टेंपोने घरी पोचवली.

"घराक?" मी म्हटलं.

"मग खंय? घोव दारात बसलो आसा. माका आत सोडीना. खिडकीतसून बोलली." वहिनीने पदराने हात पुसले. "बोलली, घर बरा आसा गो तुमचा. पण थंय कोण ओ देणा नाय."

३ डिसेंबर

बाबलीकाकांना सांगायला निघालो होतो. वहिनीने अडवलं नाही. वाटेतून मीच परत आलो.

आतल्या खोलीत बायकांनी हळद-कुंकू वाहिलं आहे. त्या जागेवर. हार रोज बदलतात.

५ डिसेंबर

रविवारी दार उघडायचं ठरलं. ढोल येणार. बाबलीकाका स्वतः तोरण बांधणार. वहिनी दोन वेळा कट्ट्याला जाऊन आली. तुळसाच्या घराची खिडकी बंद होती म्हणे.

मागच्या दाराची चौकट आली. बसवली. वहिनी कोणाशीच बोलत नाही. मला वाटतं तिला माझा राग आहे. असू दे. असायलाच हवा.

९ डिसेंबर

आज वहिनी बोलली. आम्ही दोघं कोबा पुसत होतो. तिने फडकं पिळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी चूक नाय रे. तूया तिका कदी बघूकच नाय होतंस. आवाज मी पयल्याच हाकेक वळाखलंय."